खिडकीजवळची खाट

प्रांजलचे मूळ कागद कोणी सांभाळायचे, यावरून गव्हाणच्या त्या घरात सकाळी सहापासून भांडण चाललं होतं.

"माझ्या सॅकमध्ये राहू देत ना," जीवन म्हणाला.

"तुज्या सॅकमदी?" ठमाबाईंनी मुलाकडे पाहिलंही नाही. "बंदराचा गेटपास तीनदा हरवलास तू. चौथ्या वेळी सायबानं गळ्यात बांधून दिला."

"मी ठेवते," प्रांजल म्हणाली.

"तू ल्हान हायस."

प्रांजल अठरा वर्षांची होती. बारावीला तिला ब्याण्णव टक्के मिळाले होते आणि कर्नाळ्याच्या अलीकडे, गोवा महामार्गाला लागून झालेल्या नव्या विद्यापीठाने तिला पूर्ण शिष्यवृत्ती देऊ केली होती. चार वर्षांची फी माफ. अट एकच होती. शनिवारी पालकांना घेऊन यायचं, विद्यापीठ बघायचं आणि दुपारी एकच्या आत सगळे मूळ कागद तपासून घ्यायचे. एकवर एक मिनिट जरी झालं, तरी जागा प्रतीक्षायादीतल्या पहिल्या मुलाला जाणार, असं पत्रात ठळक अक्षरात छापलं होतं. जीवनने ते वाक्य घरात इतक्यांदा मोठ्याने वाचलं होतं, की शेजारच्या अंगणातही ते पाठ झालं होतं.

कागद शेवटी ठमाबाईंच्या पिशवीत गेले. पिशवी पिवळी, कापडी, भाच्याच्या लग्नात मिळालेली. तिच्यावर लाल अक्षरात छापलं होतं, 'चि. कमळाकर आणि चि. सौ. कां. सुमती यांचा शुभविवाह'. त्या लग्नाला पंचवीसहून अधिक वर्षं झाली होती. कमळाकरला आता चष्मा आणि टक्कल दोन्ही आलं होतं, पिशवीचे बंद मात्र अजून शाबूत होते. तेव्हाच्या लग्नांत कापड तरी चांगलं देत.

"आई, तुम्ही कशाला दगदग करता उन्हाची?" सून रमा म्हणाली. ती आज सासूच्या जागी उरण नाक्याच्या मासळी बाजारात बसणार होती.

"पोरगी चार वर्सं देयाची तर घर बघाया नको?" ठमाबाई म्हणाल्या. "तुजं लगीन ठरलं तवा तुजी आजी आली हुती. आमच्या रांजनात हात घालून बघितलान तिनं."

"आजी, हॉस्टेलचं मी काय सांगते ते ऐक ना," प्रांजल म्हणाली. "त्या माहितीपत्रकात लिहिलंय की..."

"लिवलेलं समदं गोड असतं. मी डोळ्यानं बघनार. पानी बघनार, मोरी बघनार."

"पप्पा, तुम्ही तरी..."

"चला, बस सुटेल!" जीवन ओरडला.

पत्र आल्यापासून आठ दिवस ठमाबाईंची भाकरी ताटात अर्धी उरत होती. विचारलं तर दात दुखतो म्हणत. कोणता दात, ते त्या रोज वेगळं सांगत.

पनवेल स्टेशनजवळ विद्यापीठाची बस उभी होती. पांढरी, चकचकीत, पालकांसाठी फुकट. दार उघडायच्या आत ठमाबाईंनी पुढे होऊन एका उघड्या खिडकीतून पिवळी पिशवी आत टाकली. ती एका सीटवर जाऊन बरोबर बसली.

"आजी! ओरिजिनल्स आहेत त्यात!" प्रांजल किंचाळली.

"आगो, जागा धरली."

"आजीबाई, बस अर्धी रिकामी जाणार आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"असूं दे. भरली मंजे?"

ठमाबाईंची पिढी जागा धरूनच मोठी झाली होती. पनवेलच्या एसटी स्टँडवर एके काळी गाडी वळण घेत असतानाच माणसं खिडकीतून रुमाल, टोपी, छत्री, प्रसंगी तान्हं मूलसुद्धा आत सोडत आणि मग सावकाश दारातून चढत. आतला रुमाल कोणी हलवत नसे. तो हलवणाऱ्याला पेणपर्यंत शिव्या ऐकाव्या लागत. उरण नाक्यावर तर ठमाबाईंची खांबाजवळची तिसरी जागा चाळीस वर्षांची. त्या चहाला उठल्या, की पिशवी जागेवर असे. बाजारात त्यावरून मारामाऱ्या झाल्या, पाट्या उलटल्या, एकदा तर पापलेटं हवेत उडाली, पण कमळाकर-सुमतीला कोणी हात लावला नाही.

विद्यापीठात पोचल्यावर प्रत्येकाला टोकन मिळालं. प्रांजलचा नंबर एकेचाळीस. तपासणी साडेदहाला सुरू होणार होती, तोवर वसतिगृह पाहायचं होतं. वसतिगृहाच्या अधीक्षिका शशिकलाताई किल्ल्यांचा जुडगा वाजवत पुढे चालल्या आणि मागून पंधरा-वीस पालक. त्यात ठमाबाई सगळ्यांत पुढे.

त्यांनी नळ सोडून पाहिले. पाण्याच्या टाकीचं झाकण कधी धुतलं ते विचारलं. स्वयंपाकघरात शिरून कढईच्या तळावरून बोट फिरवलं आणि तिथल्या बाईंना, "तुमचं गाव कंचं?" असं विचारून त्यांची एक चुलत नणंद ओळखीची काढली. शशिकलाताई सांगत होत्या की इथे वायफाय चोवीस तास असतं, आणि ठमाबाई मोरीच्या दाराची कडी तीनदा लावून उघडून बघत होत्या.

वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत मात्र त्या थांबल्या. दोन खाटा, दोन टेबलं. खिडकीजवळच्या खाटेवर त्या टेकल्या आणि त्यांनी बाहेर पाहिलं. समोर कर्नाळ्याचा सुळका उभा होता. अंगठा वर केल्यासारखा, उन्हात स्पष्ट. ठमाबाईंचे सासरे खाडीतून होडी परत आणताना याच सुळक्याची खूण धरायचे. गव्हाणला घरामागच्या बांधावर उभं राहिलं, की हवा स्वच्छ असताना तोच दिसायचा. फक्त तिथून तो करंगळीएवढा होता.

प्रांजल तेव्हा खाली वाचनालयात होती आणि जीवन कुठेतरी गाडीतळाचे फोटो काढत होता.

"चला, पुढच्या गटाला यायचंय," शशिकलाताई म्हणाल्या.

ठमाबाई उठल्या, सगळ्यांबरोबर बाहेर पडल्या आणि समाधानाने जिना उतरल्या.

तपासणीच्या हॉलमध्ये पंखे फिरत होते. टेबलामागे स्नेहल नावाची एक तरतरीत कर्मचारी माइकवर नंबर पुकारत होती.

"छत्तीस! टोकन छत्तीस!"

कोणी उठलं नाही. मग तिचा फोन वाजला. "छत्तीस ट्रॅफिकमध्ये अडकलेत. येतायत म्हणे," तिने शेजारच्या माणसाला सांगितलं आणि पुढे सरकली.

प्रांजलच्या शेजारी तिच्याच वयाची एक मुलगी पारदर्शक फाइल मांडीवर धरून बसली होती. नाव नशरा, राहणार पनवेल.

"तुझा नंबर किती?" प्रांजलने विचारलं.

"मला टोकन नाही. मी वेटिंगला आहे. पहिली." नशरा ओशाळं हसली. "अम्मी म्हणाली, कागद तयार ठेवून बसायचं. देनेवाला वरती आहे."

"एकेचाळीस!"

तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. जीवन ताडकन उठला. "आई, पिशवी."

"हाय ना," ठमाबाई म्हणाल्या.

"कुठाय?"

"जाग्यावर."

"कुठल्या जाग्यावर?"

"पोरीच्या खाटेवर. खिडकीजवळची धरली. झ्याक हाय, वारा येतंय."

प्रांजलने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"आजी, त्यात माझे सगळे ओरिजिनल्स आहेत."

"मंग? पिशवी कुटं पळतेय? पंचवीस वर्सं ठेवतंय मी. लागतील तवा आनू."

"आत्ता लागतायत!"

"आत्ता आनू," ठमाबाई म्हणाल्या आणि उठल्या. त्यांच्या दृष्टीने काहीच बिघडलं नव्हतं.

बिघडायला पाच मिनिटं लागली. वसतिगृहाला कुलूप होतं. दुसरा गट बघून गेला होता आणि शशिकलाताई जेवायला गेल्या होत्या. जेवणघरात त्या नव्हत्या. त्या घरचा डबा आंब्याच्या झाडाखाली बसून खात, हे वॉचमन काशिरामने सांगितलं. पण कोणत्या आंब्याच्या, हे त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं. विद्यापीठाने झाडं मात्र भरपूर लावली होती. सातव्या झाडाखाली त्या सापडल्या. हातातला घास तसाच ठेवून त्या बिचाऱ्या धावल्या. बारा पंचवीस.

"खोली नंबर काय होता?" जिन्यावर त्यांनी विचारलं.

"नंबर कोन बगतंय? जिना चढलो, वळलो, खोली आली."

"आजी, या मजल्यावर चाळीस खोल्या आहेत," प्रांजल म्हणाली.

"मी चारपाच उघडून दाखवल्या होत्या," शशिकलाताई दम खात म्हणाल्या. "आता कुठल्या ते..."

जीवनने कपाळावर हात मारला. प्रांजल मात्र एकदम थांबली. "आजी, खिडकीतून काय दिसत होतं?"

"कर्नाल्याचा सुळका. आख्खा."

"मग दक्षिणेकडच्याच. वीस."

जुडगा खणखणला. पहिल्या खोलीच्या खिडकीत पाण्याची टाकी होती. "नाय," ठमाबाई म्हणाल्या. दुसरीत निलगिरीची झाडं. "नाय." तिसरीत सुळका टाकीआडून डोकावत होता. "अर्दाच हाय. आपला आख्खा."

"आई, पिशवी आहे का ते बघ ना! सुळका काय बघतेस!"

"सुळका असंल थं पिशवी असंल."

आठव्या खोलीत सुळका अख्खा होता. तीच खाट, तोच वारा. पिशवी नव्हती. खाटेच्या बरोबर मधोमध एक पांढरा रुमाल ठेवला होता, कोपऱ्यावर क्रोशाची निळी वेल असलेला, नीट चौघडी घातलेला.

ठमाबाई दारातच उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा लाल झाला.

"जागा मारली! माजी पिशवी काढून कोनीतरी आपला रुमाल टाकला!"

"आजी, जागा जाऊ दे, कागद!" प्रांजलचा आवाज फुटला. जीवनने खाटेखाली पाहिलं, कपाट उघडलं, टेबलाचे खण ओढले, मग उगीचच गादी उलटी केली. रुमाल खाली पडला.

ठमाबाईंनी तो उचलला, झटकला, पुन्हा चौघडी घातली आणि होता तिथेच ठेवला.

"तो कशाला ठेवतेस परत?" जीवन वैतागला.

"दुसऱ्याची खून हाय. आपुन हलवायची नसती." पण बोलताबोलता त्यांचा आवाज खाली आला. त्या खाटेच्या कडेला बसल्या. पंचवीस वर्षांत जी पिशवी हलली नव्हती ती आज हलली होती, आणि तीही पोरीच्या सगळ्या शिक्षणासकट. "माज्यामुळं गेलं रे जीवन्या," त्या म्हणाल्या. "तुज्या सॅकमदीच ठेवाया हवं हुतं."

आयुष्यात पहिल्यांदा आईने आपली सॅक मान्य केली, याचा आनंद करायला जीवनला सवड नव्हती. बारा चाळीस झाले होते.

प्रांजल मात्र केव्हाच जिना उतरून धावत सुटली होती. तिने स्नेहलला गाठलं. स्नेहलने सगळं ऐकून घेतलं, घड्याळाकडे पाहिलं आणि विद्यापीठभर लावलेल्या कर्ण्यांचं बटण दाबलं.

"कृपया लक्ष द्या. एक पिवळी कापडी पिशवी हरवली आहे. पिशवीवर चिरंजीव कमळाकर आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी सुमती यांचा शुभविवाह, असा मजकूर आहे. कोणाला आढळल्यास तपासणी हॉलमध्ये एकच्या आत आणून द्यावी."

"इथे मंगल कार्यालयपण आहे का?" मागच्या रांगेतले एक गृहस्थ बायकोला विचारू लागले.

"एकचा मुहूर्त दिसतोय," बायको म्हणाली.

नशरा तिच्या खुर्चीत अवघडून बसली होती. एक वाजला आणि एकेचाळीस आली नाही, तर तिचं नाव लागणार होतं. तिने फाइल घट्ट धरली, मग सैल सोडली. "मिळेल गं," ती प्रांजलला म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्याने गोंधळून खाली बघू लागली.

बारा पन्नास झाले. ठमाबाई काशिरामचा हात धरून हॉलमध्ये आल्या. पाठोपाठ जीवन. कोणाच्याही हातात काही नव्हतं.

बारा चोपन्नला समोरच्या दारातून एक बाई धापा टाकत आत शिरल्या. डोक्यावरची ओढणी घसरलेली, एका हातात चपला, दुसऱ्या हातात पिवळी पिशवी.

"ठमामावशी! या अल्ला, कुठे कुठे शोधलं तुम्हाला! जेवणघरात, वाचनालयात, पार गेटपर्यंत जाऊन आले! तो कर्णा ऐकला तशी पळत सुटले!"

"शमा?" ठमाबाई ओरडल्या. ही शमा पनवेलातली. दर शुक्रवारी उरण नाक्याला यायची, वीस वर्षं बोंबलाच्या भावावरून भांडायची आणि भांडण हरली की वर चार बोंबील फुकट मागायची.

"अम्मी?" नशरा उठून उभी राहिली.

"अगं, दुसऱ्या गटातून हॉस्टेल बघायला गेले, तर खाटेवर ही पिशवी! म्हटलं, कमळाकर-सुमती इथे कुठे? ही तर मावशींची. मावशी जागा धरून विसरल्या, मागनं कोणी उचलून नेईल, म्हणून घेतली."

"आनि थो रुमाल?"

"माझा! पिशवी उचलली असती तर तुमची जागा गेली नसती का? म्हणून रुमाल ठेवला. तुमच्या नावाने."

जीवन मधेच म्हणाला, "वहिनी, पिशवी..."

पण त्याच्या आधी नशराने आईच्या हातातून ती घेतली होती. क्षणभर तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एकला चार मिनिटं कमी होती. तिने पिशवी प्रांजलच्या हातात कोंबली आणि पाठीत धपका घातला. "पळ!"

स्नेहलने गुणपत्रकं पाहिली, दाखले पाहिले, शिक्के मारले. शेवटचा शिक्का बसला तेव्हा घड्याळात एकला एक मिनिट कमी होतं. तिने कागद परत दिले. त्यांना किंचित सुक्या बोंबलाचा वास येत होता, पण तशी तपासणी नियमात नव्हती.

"झालं, प्रांजल. अभिनंदन."

जीवन जवळच्या रिकाम्या खुर्चीत बसला. ती खुर्ची रिकामी नव्हती. त्याने माफी मागितली आणि दुसरीत बसला. ठमाबाईंनी शमाचे दोन्ही हात धरले. तेवढ्यात नशरा ही प्रतीक्षायादीतली पहिली, हे प्रांजलने त्यांच्या कानात सांगितलं. ठमाबाईंचे हात तसेच राहिले.

"शमा, तुला ठाव हुतं?"

"मला कुठे ठाऊक? नंबर, टोकन, ते सगळं नशरा बघते." शमाने मुलीकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग पुन्हा मुलीकडे. एक मोठा श्वास घेतला. "आणि माहीत असतं तरी काय, मावशी? दुसऱ्याच्या जागेवर बसायचं का?"

इतक्यात स्नेहलचा फोन वाजला. ती "हो, हो, बरं," म्हणाली आणि फोन ठेवून माइक जवळ घेतला.

"टोकन छत्तीस येत नाहीत. त्यांनी पुण्यात प्रवेश घेतलाय. प्रतीक्षायादी क्रमांक एक, नशरा! कागद आणलेत का?"

नशराची फाइल टेबलावर पोचली तेव्हा स्नेहलचं वाक्य संपलंही नव्हतं. शमा चपला हातात धरूनच रडू लागली, आणि ठमाबाई तिला, "आगो, आता पायात तरी घाल," म्हणत स्वतःच पदराने डोळे पुसू लागल्या.

हे सगळं आवरल्यावर ठमाबाई पुन्हा टेबलाशी गेल्या. आता त्यांच्या अंगात बाजाराचं बळ आलं होतं.

"बाय, आता खाटेचं लिव. वरचा मजला, खिडकीजवळची. आठवी खोली. सुळका आख्खा दिसतंय ती. धा वाजल्यापास्नं धरलीय आमी."

स्नेहलने अर्जावरचा पत्ता पाहिला. "गव्हाण? आजी, तीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना हॉस्टेल नसतं. तुमच्या फाट्यावर आमची बस येते की. सकाळी आठला न्यायची, संध्याकाळी सहाला घरी."

"रोज घरी?"

"रोज."

ठमाबाई हळूच नातीकडे वळल्या. "तुला ठाव हुतं?"

"आजी, मी सकाळपासून तेच सांगतेय! पानावर लिहिलंय. तू म्हणालीस, लिहिलेलं सगळं गोड असतं."

आता हार मानणं ठमाबाईंच्या रक्तात नव्हतं. त्या स्नेहलशी पाच मिनिटं भांडल्या. नळ बघितले आम्ही, मोरी बघितली आम्ही, घर पसंत केलं आम्ही, आणि आता नाही म्हणणाऱ्या तुम्ही कोण, असं त्यांनी खडसावून विचारलं. पण जीवनने चाळीस वर्षं आईचं भांडण ऐकलं होतं. गिऱ्हाईक जावं असं मनातून वाटत असलं, की आई याच आवाजात भांडते, हे त्याला माहीत होतं. त्याने सॅक पाठीवर घेतली.

परतीच्या बसमध्ये कागद प्रांजलच्या मांडीवर होते आणि पिवळी पिशवी रिकामी. बस महामार्गाला लागताच ठमाबाईंनी जीवनच्या सॅकमधला डबा काढून उघडला. सकाळची भाकरी होती आणि बोंबलाची चटणी. पहिली भाकरी संपली. दुसरी संपली. तिसरी त्यांनी शमाला आणि नशराला अर्धी अर्धी दिली आणि शमाच्या वाटणीतला तुकडा परत मागून घेतला.

"आई, दात?" जीवनने विचारलं.

"कंचा दात?"

प्रांजल हसली आणि तिने आजीच्या खांद्यावर डोकं टेकलं. मागे कर्नाळ्याचा सुळका हळूहळू लहान होत होता. ठमाबाई मान वळवून बघत राहिल्या. घरी पोचेपर्यंत तो करंगळीएवढा होणार होता, म्हणजे होता तेवढाच.

पळस्प्याजवळ शमा एकदम दचकली. "मावशी! माझा रुमाल तिथेच राहिला की. खाटेवर!"

ठमाबाईंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"राहूं दे गो," त्या म्हणाल्या. "धरलेली असूं दे जागा."